मोत्याचे पाणी आणि मोत्याचे मोल

'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण आपल्या घराघरांतून आजही ऐकू येते. तिचा रूढ अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही म्हण घडविणाऱ्या अज्ञात पूर्वजाने मोती तराजूत न घालता तो धारण करणाऱ्या नाकाशी ताडून पाहिला, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मूल्यवान वस्तूची थोरवी तिच्या ठायी उपजतच असते, की समाजाने ती तिला बहाल केलेली असते, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचा विचार करण्यास मोत्याच्या इतिहासाइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. कारण पदार्थ जसाच्या तसा राहून त्याचे मोल मात्र कोसळावे, हा चमत्कार मोत्याच्या बाबतीत एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला.

प्रथम पदार्थाचा विचार करू. शिंपल्यातील जीव आपल्या अंगात शिरलेल्या उपद्रवी परक्या वस्तूभोवती जे थरावर थर चढवितो, त्यांतून मोती तयार होतो. हे थर मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. गोमंतकात व कोकणात शिंपले भाजून जो चुना करीत आणि ज्याने आपल्या पूर्वजांनी घरांच्या भिंती लिंपल्या, त्याचे मूळ द्रव्यही हेच होय. मग एकाने भिंतीवर राहावे आणि दुसऱ्याने गळ्यात मिरवावे, असे का? याचे पहिले कारण म्हणजे मोत्याचे पाणी. त्या अतिसूक्ष्म थरांतून प्रकाश खेळतो आणि मोत्याला आतून उजळल्यासारखी झळाळी येते. हा गुण वस्तूचा स्वतःचा आहे, तो कोणी बहाल केलेला नाही. दुसरे कारण दुर्मिळता. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा चांगला मोती हाती लागावा, अशी स्थिती असे. तिसरे कारण मात्र ना शिंपल्यात सापडते, ना समुद्रात. ते माणसांच्या मनात असते.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना याची जाणीव होती असे दिसते. कौटिल्याने अर्थशास्त्रात मोत्यांची उत्पत्तिस्थाने नोंदविली असून टपोरा, वाटोळा, तेजस्वी, शुभ्र, वजनदार, गुळगुळीत आणि योग्य जागी वेध घेतलेला मोती उत्तम मानला आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मोत्यांचे भाव दिले आहेत. त्याने शिंपल्यातील मोत्यांबरोबरच हत्ती, सर्प, वेळू आणि मेघ यांपासून होणाऱ्या मोत्यांचीही गणना केली. पण या शेवटच्या मोत्यांचे गुण अपार असल्यामुळे शास्त्रात त्यांचा भाव सांगितलेला नाही, असेही तो नमूद करतो. जी वस्तू बाजारात कधी येतच नाही तीच अमोल ठरावी, यात मनुष्यस्वभावाचे मोठे मर्म साठविलेले आहे.

आपल्या प्रांतातील जुन्या घराण्यांत ज्यास 'बसरा मोती' म्हणतात, तो इराणच्या आखातातला, विशेषतः बहारीनच्या आसपासचा. होर्मुझ १५१५ ते १६२२ पर्यंत पोर्तुगीजांच्या वर्चस्वाखाली होते आणि त्या काळात आखाताचा माल तेथून गोव्याच्या बाजारपेठेत येई. गार्सिया द ओर्त याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात मोत्यांवर स्वतंत्र संवाद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आखाती मोत्यांची मुख्य पेठ मुंबई झाली. तेथे मोती निवडले, विंधले व ओवले जात. व्यापारी कापडाखाली एकमेकांचा हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवीत, म्हणजे भाव तिसऱ्याच्या दृष्टीस पडत नसे.

या पेठेत मोत्याची मोजदाद 'चव' या मापाने होई. वजनाच्या टांकांचा वर्ग करावयाचा, त्यास ३३० ने गुणावयाचे आणि मोत्यांच्या संख्येने भागावयाचे, अशी ही रीत. टांक म्हणजे २४ रती. एक टांक वजनाचा एकच मोती असेल तर तो ३३० चव भरे; तेच वजन दोन सारख्या मोत्यांत विभागलेले असेल तर दोहोंची मिळून १६५ चवच होई. द्रव्य तितकेच, पण मोल निम्मे! मग पाणी, रंग व घाट पाहून दर चवीस भाव ठरे. दुर्मिळतेला गणितात बसविण्याची ही युक्ती कौतुकास्पद खरी. परंतु त्या गणितात पाणबुड्याच्या श्वासाला जागा नव्हती. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून उन्हाळ्याचे चार महिने समुद्रतळ धुंडाळणारे हे लोक बहुधा नाखव्याच्या कर्जात बांधलेले असत आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई.

मोत्याच्या वैभवाचा कळस मराठी राजघराण्याने पाहिला तो बडोद्यात. खंडेराव गायकवाड (राज्यकाल १८५६ ते १८७०) यांचा सातपदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. त्यांनीच १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करविला. त्यात अंदाजे १५ ते २० लाख बारीक मोती गुंफलेले आहेत. मदिनेस पैगंबरांच्या समाधीवर तो अर्पण करण्याचा महाराजांचा संकल्प होता, असे परंपरेने सांगतात. पण १८७० मध्ये ते निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो ठेवण्यात आला होता.

पाश्चात्य जगातही तेव्हा मोत्याची चढती कमान होती. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्तिये या जवाहिऱ्याने १० लाख डॉलरचा मानला गेलेला १२८ मोत्यांचा दुपदरी हार व वर १०० डॉलर देऊन त्या बदल्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एक आलिशान वाडा मिळविला. तोच हार १९५७ मध्ये लिलावात निघाला तेव्हा सुमारे दीड लाख डॉलर आले. मोती तेच होते. मधल्या ४० वर्षांत जग बदलले होते.

हा बदल घडविण्यात मोठा वाटा जपानच्या कोकिची मिकिमोतो यांचा. १८९३ साली त्यांनी शिंपल्यात हेतुतः कण घालून अर्धगोल मोती पिकविला. पुढील दोन-तीन दशकांत इतर जपानी संशोधकांच्याही प्रयत्नांनी पूर्ण गोल मोती निघू लागला आणि १९२१ पासून लंडन-पॅरिसच्या व्यापाऱ्यांत खळबळ उडाली. हे मोती खोटे म्हणावेत, तर त्याच जीवाने त्याच द्रव्याचे थर चढविलेले; खरे म्हणावेत, तर माणसाने योजून करविलेले. डोळ्यांना भेद दिसेना. अखेरीस १९२५ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी प्रयोगशाळा काढावी लागली. क्ष-किरणांवाचून जो फरक कळत नाही, त्याच्यासाठी माणसे अनेक पटींनी दाम मोजत होती, हे यावरून उघड झाले. १९२९ च्या जागतिक मंदीने उरलेसुरले अवसान घालविले आणि आखातातील गावेच्या गावे ओस पडली. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागले म्हणून तेथील लोक तरले.

कथा येथेच संपली असती तर 'मोल हा निव्वळ भ्रम' असा निष्कर्ष काढता आला असता. पण बुडी मारून काढलेले नैसर्गिक मोती दिसेनासे झाले, तसतसा त्यांचा भाव पुन्हा चढला. बडोद्याच्या त्या सातपदरी हारातील निवडक ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना, तर मोत्यांचा गालिचा २००९ साली दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. भाव पडला तेव्हा मोत्याचा दोष नव्हता आणि चढला त्यात मोत्याचा पराक्रम नव्हता.

सारांश, पाणी हा मोत्याचा गुण आणि किंमत हा लोकांचा करार होय. करार मोडतो व पुन्हा होतो. गुण मात्र, वस्तू जपली तर, टिकतो. 'जपली तर' असे म्हणावयाचे कारण, घाम, अत्तर आणि आंबट द्रव्ये यांनी मोत्याचे पाणी खरोखरच जाते.

आपल्या महाजन कुटुंबांतील पेट्यांत अजूनही नथ, तन्मणी, चिंचपेटी असे जुने दागिने आहेत. वाटणीच्या वेळी ते सोनाराकडे जातात, मोती काढून बाजूस ठेवले जातात, सोने वितळवून तेवढ्याचेच वजन धरले जाते आणि भावाभावांत गुंजेवरून मने दुखावतात. निदान मोडण्यापूर्वी ते मोती जाणकाराकडून पारखून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दागिना कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रसंगी केला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. देवस्थानास अर्पण झालेल्या अलंकारांचीही यादी करताना केवळ वजन न लिहिता दात्याचे नाव आणि नवस नोंदवावा. बाजाराने ठरविलेले मोल बाजार केव्हाही काढून घेईल. आजीच्या नथीमागची हकीगत मात्र आपल्याच हलगर्जीपणाने नाहीशी होते, आणि ती पुन्हा पिकविण्याची विद्या कोणत्याही मिकिमोतोपाशी नाही.