दंडातले बळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीला दोन दिवस उरले असताना एक आई मला शाळेत भेटायला आली. तिची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात. मुलगी अभ्यासात बरी, बोलायला थोडकी. पण सहा महिन्यांपासून ती गावातल्या व्यायामशाळेत जाऊन वजने उचलू लागली होती. आई खुर्चीच्या काठावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमचं ऐकते ती. हे बंद कर म्हणून सांगा तिला. पुरुषासारखे दंड झाले तर पुढं कोण करून घेईल? आणि उद्या मूलबाळ झालं नाही म्हणजे?"

मी "बघते" म्हणाले. खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शाळेत असताना कवायतीच्या तासाला आम्ही मुली सावलीत बसून असू आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. म्हणून सुटीत मी जुनी-नवी पुस्तके काढून बसले. जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की बाईने अंग कमावणे हे आपल्याकडे परदेशातून आलेले खूळ नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीला होते. त्यांनी 'माझा प्रवास' ह्या पुस्तकात राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम सांगितला आहे, त्यात पहाटेची मल्लखांबाची कसरत आहे. आपण राणीची तलवार आणि घोडा तेवढा चित्रात काढतो. ती तलवार पेलणारा हात रोज पहाटे घडत होता, हे मात्र मुलींना सांगायचे राहून जाते.

राणीचे सोडा. माझी आजी कुठली राणी? पण पहाटे जाते ओढायचे, उखळात मुसळाने कांडायचे, विहिरीचे पाणी शेंदून दोन घागरी आणायच्या, हा तिचा नेम. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पोटभर जेवण नसताना आणि बाळंतपणामागून बाळंतपणे होत असताना उपसलेले ते कष्ट होते. कित्येकींची त्यांनी चाळण केली. पुढे पिठाची गिरणी आली, नळ आला, आणि ते चांगलेच झाले. पण जात्याबरोबर दंडावरचा भारही गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. पुरुषांसाठी तालमी होत्या. बायकांसाठी श्रावणातली मंगळागौर आणि तिच्यातल्या फुगड्या. त्याही वर्षातून मोजक्या रात्री.

त्या आईची भीती मात्र तिच्या एकटीची नव्हती, आणि तिच्या गावाचीही नव्हती. ती भीती मोठमोठ्या डॉक्टरांनी जगभर पेरलेली होती. 1873 साली अमेरिकेत हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टराने एक पुस्तक लिहिले. मुलींनी मुलांसारखा कसून अभ्यास केला तर अंगातली शक्ती तिकडेच खर्च होऊन त्यांचे गर्भाशय दुबळे होईल, असे त्यात प्रतिपादन होते. म्हणजे नुसत्या पुस्तकांनीच जिथे धोका, तिथे वजनांची काय कथा! 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच आठशे मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी त्या कोसळल्याचे रसभरित वर्णन केले. परिणाम असा, की ती शर्यत बायकांना 1960 पर्यंत पुन्हा धावू दिली गेली नाही. पुरुषही शर्यत संपल्यावर जमिनीवर लोळतात. त्यावरून कुणी त्यांची शर्यत बंद केल्याचे ऐकिवात नाही.

आता घरची कथा. हमीदा बानू ही मूळची मिर्झापूरची, अलीगढला कुस्ती शिकलेली. 1954 साली तिने पुरुष मल्लांना उघड आव्हान दिले, "मला हरवील त्याच्याशी लग्न करीन." त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवानाला तिने एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्तिलिन ह्या रशियन मल्ल स्त्रीला तिने मिनिटभराच्या आत लोळवले. लोक तिकिटे काढून गर्दी करीत. पण कुस्तीचे माहेरघर म्हणवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि दगड फेकले. हरली असती तर हसले असते. जिंकली म्हणून दगड आले! पुढे ही बाई कुस्तीच्या जगातून दिसेनाशी झाली. कल्याणला दूध विकून तिने उतारवय काढले, असे तिच्या घरची माणसे सांगतात.

ह्या साऱ्या काळात बाईच्या देहाला वजन खरोखर अपाय करते का, हे तपासायचे फारसे कुणी मनावर घेतले नाही. तपासले तेव्हा निकाल उलटा लागला. हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते, हे जर्मनीच्या युलियस वोल्फ ह्या डॉक्टराने 1892 मध्येच मांडले होते. हाड म्हणजे निर्जीव वासा नव्हे; ते रोज थोडे झिजते, थोडे भरते. पाळी थांबल्यावर बाईचे झिजणे वाढते आणि भरणे मागे पडते. 1994 साली बोस्टनच्या मिरियम नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास ते सत्तर वर्षांच्या एकोणचाळीस बायकांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्या जणी आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम करीत. बाकीच्या नेहमीप्रमाणे राहिल्या. वर्षअखेर व्यायाम करणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता सुमारे एक टक्क्याने वाढली होती, तर दुसऱ्यांची सुमारे दोन टक्क्यांनी घटली होती. शिवाय पहिल्या गटाचे स्नायू वाढले, तोलही सुधारला. त्याच्या चार वर्षे आधी, 1990 मध्ये, बोस्टनलाच मारिया फियातारोने ह्या डॉक्टरीणबाईंनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा म्हाताऱ्यांना आठ आठवडे पायाने वजने उचलायला लावली होती. नऊ जणांनी ते पुरे केले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली!

हे वाचताना मला माझी आई आठवली. एकाहत्तराव्या वर्षी ती मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर आधाराशिवाय ती कधी उभी राहिली नाही. आजी मात्र अखेरपर्यंत आपल्या पायांनी देवळात जात असे. दोघींतला फरक जात्यामुळेच पडला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्या वेळी आईच्या हाडांना भाराची गरज होती, त्या वेळी आम्ही सारी मुले तिच्या हातातली पिशवी काढून घेत होतो आणि त्याला माया म्हणत होतो, ही गोष्ट मनातून जात नाही.

राहिला पुरुषासारख्या दंडांचा प्रश्न. पुरुषाचे स्नायू फुगवणारा जो अंतःस्राव, तो बाईच्या अंगात त्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून ताकद पुष्कळ वाढली तरी आकार बेताचाच वाढतो. आणि मूलबाळ? बायकांची वजन उचलण्याची पहिली जागतिक स्पर्धा 1987 साली भरली, आणि 2000 साली सिडनीला हा खेळ बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये आला. तिथे आपल्या कर्णम मल्लेश्वरीने दोन प्रकारांत मिळून दोनशे चाळीस किलो उचलून कांस्यपदक जिंकले. भारताच्या कोणाही स्त्रीचे ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला.

सुटीनंतर मी त्या आईला बोलावले आणि हे सारे सोप्या शब्दांत सांगितले. एवढेच बजावले, की शिकवणारा जाणता असावा, भार पायरीपायरीने वाढवावा, आणि पोरीच्या ताटात डाळ, दूध, उसळ भरपूर असावी. कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटरांवरच्या सांगलीत 2023 साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली, तेव्हा लोकांनी दगड नव्हे, टाळ्या दिल्या, हेही सांगितले. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग आपला गुडघा चोळत म्हणाल्या, "बाई, जिना चढताना माझे गुडघे धरतात. माझ्या वयाला जमेल का हो हे?"

मुलगी व्यायामशाळेत जातेच आहे. संक्रांतीपासून मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्यामागून दोघी बायका जातात. एक तिची आई. दुसरी कोण, हे वाचकांनी ओळखले असेलच.