दाढीचा ब्रश : भिजवणे, वाळवणे आणि स्वच्छता

दाढीच्या साहित्यात पात्याकडे सर्वांचे लक्ष असते. ब्रशकडे क्वचितच कोणाचे जाते. पाते बोथट झाले की त्वचेला लगेच कळते. ब्रश मात्र न्हाणीघराच्या कोनाड्यात वर्षानुवर्षे ओलाच पडून राहतो. वास्तविक त्याची निगा दोनच गोष्टींवर अवलंबून आहे. वापरापूर्वी तो पुरेसा भिजावा आणि वापरानंतर पूर्णपणे वाळावा. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा संबंध थेट आरोग्याशी आहे.

गावकीच्या काळात नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि वाटी असे. वाटीतील पाणी बोटांनी चोळून दाढी मऊ केली जाई. साबणाबरोबर ब्रश आला आणि हे काम त्याच्याकडे गेले. फेस करणे, तो केसांच्या मुळापर्यंत पोहोचवणे आणि केस उभे करणे ही त्याची तीन कामे होत.

प्रकार आणि भिजवण्याची पद्धत

ब्रशचे केस मुख्यतः तीन प्रकारचे असतात. डुकराचे केस राठ असून ते पाणी शोषून मऊ होतात. म्हणून असा ब्रश कोमट पाण्यात तीन ते पाच मिनिटे उभा ठेवावा. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे केस मुळात मऊ असतात. त्यांना एखादे मिनिट पुरते. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी शोषत नाही. तो नुसता ओला केला तरी चालतो. तो लवकर वाळतो आणि प्राणिज वस्तू टाळणाऱ्यांनाही सोयीचा ठरतो.

भिजवताना पाणी केसांपुरतेच असावे. मूठ पाण्यात बुडाल्यास लाकूड फुगते, तडकते व केसांचा जुडगा सैल होतो. उकळते पाणी कधीही वापरू नये; त्याने केस ठिसूळ होतात आणि बुडाशी असलेला चिकट पदार्थ सुटतो. भिजलेला केस कोरड्या केसापेक्षा कमकुवत असतो. त्यामुळे ब्रश पिळू अथवा ओढू नये. हलकेच दाबून व झटकून जादा पाणी काढावे. चेहऱ्यावर फिरवतानाही तो बुडापर्यंत दाबू नये. डुकराच्या केसांची टोके काही आठवड्यांच्या वापराने फाटतात व ब्रश अधिक मऊ होतो. हा दोष नव्हे.

वापरानंतर

फेसाचा अंश जुडग्याच्या बुडाशी साचतो. तेथे बोटांनी केस विलग करून, वाहत्या पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्रश धुवावा. नंतर तो झटकून कोरड्या कापडावर अलगद फिरवावा आणि वारा लागेल अशा जागी ठेवावा. तो उलटा टांगावा की उभा ठेवावा, याला फारसे महत्त्व नाही. हवा खेळती असणे महत्त्वाचे. ओला ब्रश डबीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यास बुरशी धरते. पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरणे उत्तम.

जड पाण्याचा प्रश्न

पुणे-सोलापूर महामार्गालगतचे डाळज किंवा इंदापूर-बारामती परिसरातील अन्य गावे घेतली, तर धरण आणि कालवा जवळ असूनही अनेक घरांत वापराचे पाणी विंधन विहिरीचे असते. असे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात. तो केसांवर बसला की ब्रश चरचरीत होतो व फेस कमी येतो. महिन्यातून एकदा सौम्य शांपूने ब्रश धुवावा. नंतर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी अशा मिश्रणात केस पाच मिनिटे बुडवून साध्या पाण्याने खळबळावेत. याने साका निघतो. मात्र ब्रश निर्जंतुक होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सामाईक ब्रशचा धोका

एड्सविषयीच्या जनजागृतीनंतर प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवे पाते घेण्याची पद्धत केशकर्तनालयांत रुळली. ब्रश मात्र पुष्कळ ठिकाणी अजूनही सामाईकच आहे. दाढीच्या केसांच्या मुळाशी होणाऱ्या पुळ्या आणि गजकर्ण अशा ब्रशमधून पसरू शकतात. त्वचेला कापलेले असल्यास धोका वाढतो. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो.

ब्रशमुळे जीव गेल्याचीही इतिहासात नोंद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जनावरांच्या दूषित केसांपासून बनवलेल्या ब्रशमुळे ब्रिटन व अमेरिकेत अनेकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. शेतकऱ्यांना जनावरांचा रोग म्हणून परिचित असलेल्या या रोगाचे बीजाणू कोमट पाण्याने वा साबणाने मरत नाहीत. ब्रिटनने १९२० मध्ये जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. पुढे केसांवर निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया होऊ लागली आणि हा धोका ओसरला.

यावरचा उपाय सोपा आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचा ब्रश न्यावा किंवा नळीतील क्रीम धुतलेल्या हाताने लावण्यास सांगावे. व्यावसायिकांनी कृत्रिम धाग्यांचे चार-सहा ब्रश ठेवावेत आणि प्रत्येक वापरानंतर ते धुऊन जंतुनाशक द्रावणात बुडवून वाळवावेत.

ब्रश केव्हा बदलावा?

नव्या ब्रशचे थोडे केस सुरुवातीला गळतातच. गळती थांबत नसेल, जुडगा मुठीत हलत असेल किंवा धुऊनही कुबट वास जात नसेल, तर तो ब्रश टाकून द्यावा. चेहऱ्यावर पुळ्या वा चट्टे उठल्यास ते पूर्ण बरे होईपर्यंत ब्रश वापरू नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि नंतर नवाच ब्रश वापरावा.