मूत्रपिंड-रोहिणीजन्य उच्च रक्तदाब

मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी रोहिणी (धमनी) अरुंद झाल्यामुळे वाढणारा रक्तदाब. उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांत एकच एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. ज्या थोड्यांत ते सांगता येते, त्यांतले हे महत्त्वाचे कारण असून काही जणांत ते दूरही करता येते. म्हणूनच तरुण रुग्णात ते शोधायचे राहून गेले, तर त्याची किंमत मोठी असते.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव किलो ते तीनशे ग्रॅमच्या घरात. तरीही हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रोहिणी बरीच, साधारणपणे सत्तर टक्क्यांच्या आसपास, चिंचोळी झाली की पलीकडचा दाब घसरतो. मूत्रपिंडाला अडथळा दिसत नाही, फक्त घसरलेला दाब कळतो. साऱ्या शरीराचाच रक्तदाब उतरला असे धरून ते रेनिन सोडते. रेनिनमुळे यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ बनते आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या विकरामुळे त्याचे अँजिओटेन्सिन-२ होते. हे द्रव्य रक्तवाहिन्या आवळते, शिवाय अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन स्रवायला लावते. मग मीठ आणि पाणी शरीरात साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंड आपले काम चोख करते, त्याला मिळालेली खबर तेवढी चुकीची असते.

हे कोडे उलगडायला बराच काळ गेला. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांच्या शिरेत टोचला. त्यांचा रक्तदाब चढला. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले, पण पुढे तीनेक दशके त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट या विकृतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंड-रोहिणीला चांदीचा चिमटा लावून ती हवी तेवढी आवळली, तेव्हा चित्र पालटले. एका बाजूला चिमटा लावला की दाब चढे, पण टिकत नसे. दोन्ही बाजूंना लावला की तो चढलेलाच राही. पुढे ब्युनोस आयरिस आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच द्रव्य शोधले. एकाने त्याला हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्याने अँजिओटोनिन. १९५८ मध्ये दोन्ही नावांचे तुकडे जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द ठरला.

रोहिणी का अरुंद होते, हे बरेचसे वयावर अवलंबून असते. साठीच्या आसपासच्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा मधुमेही माणसात बहुधा महारोहिणीपासून फाटा फुटतो तिथेच चरबीचा थर साचलेला आढळतो. तंतुस्नायू विकारात रोहिणीच्या भित्तीचीच घडण बिघडते. तो मुख्यतः स्त्रियांत होतो आणि अँजिओग्राफीत रोहिणी मण्यांच्या माळेसारखी दिसते. भारतात मात्र तिसरे कारण कधीही नजरेआड करू नये. ते म्हणजे टाकायासू रोहिणीदाह. मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांचे वेगळेच जाळे नोंदवले, त्यावरून हे नाव पडले. महारोहिणी आणि तिच्या फाट्यांना सूज येऊन त्या बुजत जातात. आपल्याकडे पोटातली महारोहिणी व मूत्रपिंड-रोहिण्या यांत हा दाह वारंवार सापडत असल्याने उच्च रक्तदाब हीच अनेकींची पहिली खूण असते. यात एक धोका लपलेला आहे. हाताची रोहिणीही बुजली असेल तर नाडी लागत नाही आणि त्या हातावर बीपी खोटे कमी भरते. तरुण मुलीचा रक्तदाब दोन्ही हातांवर आणि गरज पडल्यास पायावरही मोजलाच पाहिजे. ‘टेन्शन घेतेस’ एवढ्यावर तिची बोळवण करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

तिशीच्या आत सुरू झालेला किंवा उतारवयात अचानक बळावलेला रक्तदाब, तीन-चार औषधांनाही न जुमानणारे आकडे, एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा लहान असणे, पोटावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर ऐकू येणारा सूं-सूं आवाज, हृदय बरे असूनही फुप्फुसांत वारंवार अचानक पाणी भरणे, यांवरून शंका येते. डॉपलर सोनोग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफीने ती पडताळतात.

एनालॅप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे थेट रेनिन-अँजिओटेन्सिनच्या साखळीवर घाव घालतात, म्हणून ती गुणकारी ठरतात. पण दोन्ही रोहिण्या अरुंद असतील, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्याच औषधांनी मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब कोसळून क्रिएटिनिन झपाट्याने वाढू शकते. औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्ततपासणी सांगतात ती याचसाठी. गर्भारपणात ही औषधे बाळाला घातक असल्याने दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला हे आधीच सांगायला हवे.

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७८ मध्ये फुग्याने मूत्रपिंड-रोहिणी रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. तंतुस्नायू विकारात नुसत्या फुग्याने अनेकांचा रक्तदाब उतरतो, काहींची औषधेही सुटतात. चरबीने बुजलेल्या रोहिणीत स्टेंट घालण्याचा उत्साह मात्र ओसरला: ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या ‘ॲस्ट्रल’ (२००९) आणि अमेरिकेतल्या ‘कोरल’ (२०१४) या मोठ्या चाचण्यांत चांगल्या औषधोपचारापेक्षा स्टेंटने विशेष अधिक लाभ दिला नाही. फुप्फुसांत पुन्हा पुन्हा पाणी भरणाऱ्या किंवा औषधांनी दाब मुळीच न आवरणाऱ्या निवडक रुग्णांसाठी तो राखून ठेवतात. टाकायासूत आधी स्टेरॉइड व तत्सम औषधांनी सूज शमवावी लागते. सूज धगधगत असताना रुंद केलेली रोहिणी पुन्हा चिंचोळी होण्याची भीती असते.