महाविद्यालयीन शिक्षकांचा व्यावसायिक विकास आणि सेवासातत्य

सेवेत असलेल्या शिक्षकांचे विषयज्ञान, अध्यापनकौशल्य व संशोधनक्षमता वाढवण्यासाठी केलेल्या संस्थात्मक व्यवस्थेला व्यावसायिक विकास म्हणतात. शिक्षकाची कामाशी समरसता आणि त्याचे संस्थेत टिकून राहणे या दोन्हींवर तिचा परिणाम होतो.

भारतातील व्यवस्था : १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये ती मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या छत्राखाली आहेत. नवागतांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी शिक्षकांसाठी विषयवार उजळणी वर्ग हे त्यांचे मुख्य काम. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पहिल्या पदोन्नतीसाठी इतर अटींबरोबर २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो.

सैद्धांतिक आधार : विल्यम कान यांनी १९९० मध्ये समरसतेच्या तीन अटी मांडल्या : काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळेपणाने वागण्याची सुरक्षितता आणि त्यासाठी लागणारी शारीरिक-मानसिक ताकद. प्रशिक्षणाने पहिली अट पुरी होऊ शकते. उरलेल्या दोन अटी विभागातील वातावरण आणि कामाचा बोजा यांवर ठरतात. पीटर ब्लाऊ यांच्या सामाजिक विनिमय सिद्धांतानुसार (१९६४) संस्थेने दिलेल्या आधाराची परतफेड माणूस निष्ठेने करतो. गॅरी बेकर यांनी त्याच वर्षी दुसरी बाजू दाखवली : सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य मिळाले की माणसाची बाहेरची किंमतही वाढते. पीएच.डी. हे याचे ठळक उदाहरण. म्हणूनच अध्ययन रजा घेणाऱ्या शिक्षकाला परतल्यावर किमान ३ वर्षे सेवेची हमी द्यावी लागते. अशा हमीने शिक्षक संस्थेत राहतो. त्याचे मन कामात राहीलच असे नाही.

परिणामांतील भेद : महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांतील कायम शिक्षक वेतन व सुरक्षिततेमुळे सहसा नोकरी सोडत नाही, तेथे खरा प्रश्न समरसतेचा असतो. उद्बोधन किंवा उजळणी वर्ग केवळ कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) फायलीत प्रमाणपत्र लावण्यापुरता केला, तर अध्यापनात फरक पडत नाही. तासिका तत्त्वावरील (सीएचबी) शिक्षकाची स्थिती उलट असते. शिकवण्याची ओढ असूनही मानधन तासांवर मिळते, नेमणूक तात्पुरती असते आणि कॅसची पदोन्नती त्याला लागू नसते. त्याला टिकवण्याचे काम प्रशिक्षण एकट्याने करू शकत नाही.

मूल्यमापन : नॅक या मूल्यांकन संस्थेच्या निकषांत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांचे प्रमाण मोजले जाते. हजेरीवरून वर्गातला बदल मात्र कळत नाही. शिकलेले वापरून पाहण्याची मोकळीक, विभागातील ज्येष्ठांचे मार्गदर्शन, संशोधनासाठी कमी केलेला कार्यभार आणि नियमित नेमणूक यांची जोड मिळते तेव्हाच विकासाचे उपक्रम समरसता व सेवासातत्य दोन्ही वाढवतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्राध्यापकांच्या प्रेरणेचा विचार सेवाशर्ती, कार्यभार आणि अध्यापनातील स्वायत्तता यांच्यासह केला आहे.