श्रीकांत दातार

श्रीकांत दातार हे भारतीय वंशाचे अमेरिकन लेखाशास्त्रज्ञ, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक आणि अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अकरावे अधिष्ठाता आहेत. १ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी या पदाची सूत्रे स्वीकारली. परिव्यय लेखांकन, म्हणजे वस्तू किंवा सेवा तयार करण्यास नेमका किती खर्च आला हे ठरवण्याचे शास्त्र, हा त्यांच्या संशोधनाचा मूळ विषय होय. पुढे नवीन उत्पादनांची निर्मिती, कामगिरीचे मोजमाप, डिझाइन थिंकिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांकडे त्यांचे अध्यापन व लेखन वळले. एम.बी.ए. शिक्षणातील उणिवांची चिकित्सा करणाऱ्या 'रीथिंकिंग द एमबीए' (२०१०) या ग्रंथाचे ते सहलेखक आहेत. ज्या शिक्षणपद्धतीतील त्रुटी त्यांनी या ग्रंथात दाखवल्या, ती पद्धती सुरू करणाऱ्या संस्थेचीच धुरा दहा वर्षांनी त्यांच्याकडे आली.

## शिक्षण

दातार यांनी १९७३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. ते सनदी लेखापाल आहेत. भारतीय परिव्यय लेखापालांच्या संस्थेच्या परीक्षेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. १९७८ मध्ये अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतून त्यांनी व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला व तेथेही ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

अहमदाबादची ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीत विक्रम साराभाई यांचा पुढाकार होता आणि आरंभीच्या काळात हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य लाभले होते. वर्गात व्याख्यान देण्याऐवजी एखाद्या उद्योगापुढील खरीखुरी अडचण विद्यार्थ्यांसमोर ठेवायची आणि निर्णय कोणता घ्यावा यावर चर्चा घडवून आणायची, ही हार्वर्डची 'केस' पद्धत अहमदाबादने स्वीकारली. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेला १९६५ मध्ये अशाच प्रकारे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे साहाय्य मिळाले होते. भारतातील व्यवस्थापन शिक्षणाला हातभार लावणाऱ्या या दोन्ही अमेरिकन विद्यापीठांशी दातार यांचा पुढे निकटचा संबंध आला.

उच्च शिक्षणासाठी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी संख्याशास्त्र (१९८३) व अर्थशास्त्र (१९८४) या दोन विषयांत पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि १९८५ मध्ये व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेट मिळवली.

## अध्यापन

१९८४ ते १९८९ या काळात दातार पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठात अध्यापन करीत होते. तेथे उत्तम अध्यापनासाठी दिला जाणारा जॉर्ज लीलँड बाख पुरस्कार त्यांना मिळाला. १९८९ मध्ये ते स्टॅनफर्डला परतले. लेखांकन व व्यवस्थापन या विषयाच्या लिटलफील्ड अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली आणि तेथेही त्यांना विशेष अध्यापन पुरस्काराने गौरवण्यात आले.

१९९६ मध्ये ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये आले व आर्थर लोज डिकिन्सन अध्यासनाचे प्राध्यापक झाले. अध्यापनाबरोबरच त्यांनी वरिष्ठ सहयोगी अधिष्ठाता या नात्याने संशोधन, प्राध्यापकांची निवड व विकास, कार्यरत अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि विद्यापीठाच्या इतर शाखांशी समन्वय अशा विविध जबाबदाऱ्या सांभाळल्या. विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांना साहाय्य करणाऱ्या हार्वर्ड इनोव्हेशन लॅब्जचे ते प्राध्यापक-प्रमुख होते.

## संशोधन

### परिव्यय लेखांकन

कारखान्यातील काही खर्च थेट एखाद्या वस्तूला जोडता येतो. उदाहरणार्थ कापड, धागा, शिलाईची मजुरी. मात्र जागेचे भाडे, देखरेख, यंत्रांची जुळवणी, तपासणी यांसारखा अप्रत्यक्ष खर्च सर्व वस्तूंसाठी मिळून होतो. तो कोणत्या वस्तूवर किती टाकावा, हा परिव्यय लेखांकनातील जुना व कठीण प्रश्न आहे.

उल्हासनगरातील जीन्स शिवणाऱ्या एखाद्या कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. तेथे महिन्याला साध्या प्रकारच्या ९०० आणि ग्राहकाच्या खास मागणीनुसार १०० अशा एकूण १,००० पँट शिवल्या जातात, आणि अप्रत्यक्ष खर्च १ लाख रुपये आहे, असे मानू. हा खर्च सरसकट वाटला तर प्रत्येक पँटवर १०० रुपये पडतात. परंतु खास पँटसाठी यंत्रे पुनःपुन्हा जुळवावी लागतात, तपासणीही अधिक करावी लागते. या कारणाने खर्चातील ६०,००० रुपये खास पँटमुळे होत असतील, तर त्यांतील प्रत्येकीवर ६०० रुपये पडावयास हवेत आणि साध्या पँटवर केवळ ४४ रुपयांच्या आसपास. सरसकट वाटणीवर विसंबणारा कारखानदार साधी पँट महाग विकून ग्राहक गमावतो आणि खास पँट तोट्यात विकत असूनही आपल्याला नफा होतो असे समजतो.

प्रत्येक कामाचा खर्च स्वतंत्रपणे शोधून तो योग्य वस्तूला जोडण्याच्या पद्धतीस कृत्यावर आधारित परिव्यय लेखांकन म्हणतात. १९८० नंतर या पद्धतीचा प्रसार झाला. अशा हिशेबातही चुका कोठे शिरतात, याचा अभ्यास दातार यांनी केला. महेंद्र गुप्ता यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी खर्चांचे एकत्रीकरण, वाटणीच्या आधाराची निवड आणि प्रत्यक्ष मोजणी या तीन टप्प्यांवरील चुकांचे विश्लेषण केले. या चुका परस्परांना छेद देणाऱ्या असू शकतात. त्यामुळे केवळ एका टप्प्यावर अधिक काटेकोरपणा आणला म्हणजे अंतिम आकडा अचूक येतोच असे नाही, हा त्या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा आहे.

### विपणनाशी संबंध

उत्पादनखर्चाच्या अभ्यासातून दातार यांचे लक्ष नवीन उत्पादनांच्या निर्मितीकडे गेले. वेगाने बदलणाऱ्या उद्योगात प्रतिस्पर्ध्याआधी नवे उत्पादन आणल्याने कोणता लाभ होतो, याविषयीचा त्यांचा सहलेखकांसमवेतचा शोधनिबंध १९९७ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च' या विपणनशास्त्रातील प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील काळात ते डिझाइन थिंकिंग हा विषय शिकवू लागले. ग्राहकाची गरज प्रत्यक्ष निरीक्षणातून समजून घेणे, अनेक पर्याय सुचवणे, कच्चे नमुने करून पाहणे आणि त्यांत सुधारणा करणे, अशी या पद्धतीची दिशा असते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतही त्यांनी हा विषय शिकवला आहे.

## पाठ्यपुस्तक

चार्ल्स हॉर्नग्रेन यांचे 'कॉस्ट अकाउंटिंग: अ मॅनेजेरियल एम्फसिस' हे पाठ्यपुस्तक १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. परिव्यय लेखांकन हे केवळ हिशेबनिसाचे काम नसून व्यवस्थापकाच्या निर्णयाचे साधन आहे, ही त्याची भूमिका आहे. १९९० च्या दशकापासून दातार या पुस्तकाचे सहलेखक आहेत. नंतरच्या आवृत्त्यांत माधव राजन हेही सहलेखक झाले. राजन २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता झाले. त्यामुळे या एका पाठ्यपुस्तकाच्या दोन लेखकांकडे अमेरिकेतील दोन अग्रगण्य व्यवस्थापन संस्थांचे नेतृत्व आले.

## एम.बी.ए. शिक्षणाची चिकित्सा

हार्वर्ड बिझनेस स्कूलची स्थापना १९०८ मध्ये झाली आणि एम.बी.ए. ही पदवी जगात प्रथम याच संस्थेने सुरू केली. शताब्दीच्या निमित्ताने दातार, डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांनी या शिक्षणाच्या स्थितीचा अभ्यास हाती घेतला. विविध संस्थांचे अधिष्ठाते व उद्योगांतील वरिष्ठ अधिकारी यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या आणि आघाडीच्या संस्थांचे अभ्यासक्रम तपासले. याच सुमारास, २००८ मध्ये, जागतिक वित्तीय संकट उद्भवले. बँका व वित्तसंस्थांच्या मोठ्या पदांवर व्यवस्थापन पदवीधर असल्यामुळे त्यांना मिळालेल्या शिक्षणाविषयीच प्रश्न विचारले जाऊ लागले. अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'रीथिंकिंग द एमबीए: बिझनेस एज्युकेशन अॅट अ क्रॉसरोड्स' या ग्रंथात मांडले गेले.

ग्रंथकर्त्यांच्या मते व्यवस्थापन शिक्षणाची तीन अंगे आहेत. पहिले ज्ञान, म्हणजे सिद्धांत, तथ्ये व विश्लेषणाची साधने. दुसरे कृती, म्हणजे ते ज्ञान प्रत्यक्ष माणसांत व संस्थेत वापरण्याचे कौशल्य. तिसरे स्वत्व, म्हणजे व्यवस्थापकाची मूल्ये, दृष्टी आणि स्वतःची जाण. व्यवस्थापन संस्थांनी पहिल्या अंगावर अवाजवी भर दिला व उरलेली दोन दुर्लक्षिली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अपुऱ्या राहिलेल्या आठ गरजा त्यांनी नोंदवल्या. त्यांत जागतिक दृष्टी, नेतृत्व, सर्जनशील विचार, व्यवसायाच्या सामाजिक जबाबदारीचे भान आणि गणिती प्रारूपे व बाजारपेठ यांच्या मर्यादांची जाणीव यांचा समावेश आहे. ग्रंथात ज्या सहा संस्थांचा तपशीलवार परिचय आहे, त्यांत हार्वर्डचाही अंतर्भाव आहे. आकड्यांचा अभ्यास हीच ज्यांची विद्या, अशा प्राध्यापकाने आकड्यांच्या मर्यादांकडे लक्ष वेधले हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

## अधिष्ठातापद

भारतीय विद्यापीठांत अधिष्ठाता हा साधारणतः एखाद्या विद्याशाखेचा प्रमुख असतो. अमेरिकेतील व्यवसाय शाळेच्या अधिष्ठात्याचे अधिकार याहून व्यापक असतात. प्राध्यापकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम, अंदाजपत्रक, माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारणे आणि शिस्तविषयक निर्णय ही सर्व त्याची जबाबदारी असते.

दातार यांच्या निवडीची घोषणा हार्वर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स बॅकाऊ यांनी ९ ऑक्टोबर २०२० रोजी केली. त्यांचे पूर्वसूरी नितीन नोहरिया हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असून २०१० पासून अधिष्ठाता होते. कोविड-१९ च्या साथीमुळे त्यांनी आपला कार्यकाळ २०२० च्या अखेरीपर्यंत वाढवला होता. अधिष्ठातापदाबरोबर दातार यांच्याकडे जॉर्ज एफ. बेकर अध्यासन आले.

त्यांच्या कारकिर्दीत पुढील बदल झाले :

* शिष्यवृत्ती : आर्थिकदृष्ट्या सर्वाधिक गरजू अशा सुमारे १० टक्के एम.बी.ए. विद्यार्थ्यांना संपूर्ण शिक्षणशुल्काइतकी शिष्यवृत्ती देण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. त्या वेळी वार्षिक शिक्षणशुल्क सुमारे ७६,००० डॉलर होते.
* संशोधन संस्था : व्यवसाय व समाज यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारी आणि डिजिटल तंत्रज्ञान व विदा यांवर संशोधन करणारी, अशा दोन संस्था २०२२ मध्ये सुरू झाल्या.
* अभ्यासक्रम : विदाशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा एम.बी.ए.च्या आवश्यक अभ्यासात समावेश करण्यात आला.

### संशोधनातील प्रामाणिकपणाचा वाद

वर्तनशास्त्राच्या प्राध्यापक फ्रांचेस्का जिनो यांच्या काही शोधनिबंधांतील माहितीविषयी शंका उपस्थित झाल्यानंतर संस्थेने चौकशी केली आणि २०२३ मध्ये त्यांना रजेवर पाठवले. जिनो यांनी आरोप नाकारले व ऑगस्ट २०२३ मध्ये हार्वर्ड, दातार आणि शंका उपस्थित करणारे तीन संशोधक यांच्याविरुद्ध २.५ कोटी डॉलरचा दावा दाखल केला. चौकशीसाठी अवलंबलेली कार्यपद्धती हा त्यातील एक वादाचा मुद्दा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने बदनामीविषयीची मागणी फेटाळली, मात्र कराराशी संबंधित भाग पुढे चालू ठेवण्यास अनुमती दिली. मे २०२५ मध्ये विद्यापीठाने जिनो यांचे कायम प्राध्यापकपद रद्द केले.

## व्यापक संदर्भ

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिका व युरोपातील नामांकित व्यवसाय शाळांच्या अधिष्ठातापदी भारतात शिकलेले अनेक प्राध्यापक आले. आसाममधील तेजपूर येथे जन्मलेले विपणनाचे प्राध्यापक दीपक जैन २००१ ते २००९ या काळात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग संस्थेचे अधिष्ठाता होते आणि त्यानंतर फ्रान्समधील इन्सिआड या संस्थेच्या अधिष्ठातापदी त्यांची नियुक्ती झाली. बूथ संस्थेत राजन यांच्यापूर्वी सुनील कुमार अधिष्ठाता होते. यांपैकी कोणी विपणन, कोणी लेखांकन, तर कोणी उत्पादन व्यवस्थापन या विषयांतून पुढे आले. गणित, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांचा भारतात घातलेला पाया आणि अमेरिकन विद्यापीठातील डॉक्टरेट हे त्यांतील अनेकांच्या वाटचालीतील समान सूत्र आहे.

## इतर कार्य व सन्मान

नोव्हार्टिस, स्ट्रायकर, टी-मोबाइल यूएस आणि आयसीएफ इंटरनॅशनल या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर दातार यांनी काम केले आहे. साहित्य व शिक्षण या क्षेत्रातील कार्यासाठी भारत सरकारने २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर केला.