प्रायर, रिचर्ड

प्रायर, रिचर्ड फ्रँकलिन लेनॉक्स टॉमस : (१ डिसेंबर १९४० – १० डिसेंबर २००५). अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन, अभिनेता व लेखक. स्टँड-अप म्हणजे ओळीने चुटके सांगणे, ही समजूत मोडून त्याने या कलेत स्वतःचे आयुष्य आणले. व्यसन, मार, वर्णद्वेष, आजार, फसलेली लग्ने यांतले काहीच त्याने झाकून ठेवले नाही. हॉलिवूडने त्याला पैसा भरपूर दिला, भूमिका मात्र क्वचितच त्याच्या तोलाच्या दिल्या.

जन्म इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावी. आजी मारी कार्टर कुंटणखाना चालवीत असे आणि रिचर्डचे बालपण तिथेच गेले. आई गर्ट्रूड तिथेच धंद्याला होती. वडील लरॉय एकेकाळचे मुष्टियोद्धे. आई निघून गेल्यावर आजीने त्याला वाढवले, धाकात ठेवले आणि चांगले बडवलेही. घरात येणारी-जाणारी गिऱ्हाइके, दारुडे, जुगारी, थापाडे म्हातारे त्याच्या कानात कायमचे राहिले. चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढले. गावच्या कार्व्हर सेंटरमध्ये नाटके बसवणाऱ्या ज्युलिएट व्हिटेकर या बाईंनी त्याला प्रथम रंगमंचावर उभे केले. पुढे टीव्हीलेखनासाठी मिळालेले एमी पारितोषिक त्याने नेऊन या बाईंच्या हाती दिले.

१९५८ ते १९६० ही दोन वर्षे तो सैन्यात होता, पण त्यातला बराच काळ लष्करी तुरुंगात गेला. पश्चिम जर्मनीत ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ हा चित्रपट दाखवला जात असताना कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या प्रसंगांना एक गोरा शिपाई हसला. त्यावरून झालेल्या मारहाणीत प्रायर सामील होता.

१९६३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. ग्रिनिच व्हिलेजच्या क्लबांतून काम मिळू लागले, पाठोपाठ एड सुलिव्हनच्या कार्यक्रमासारखी टीव्हीवरची मोठी व्यासपीठेही. हा प्रायर नीटनेटका, सोज्ज्वळ आणि गोऱ्या प्रेक्षकाला न दुखावणारा होता. त्या काळी बिल कॉस्बीचा बोलबाला होता आणि प्रायर त्याचीच नक्कल करत होता. सप्टेंबर १९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात खचाखच भरलेल्या प्रेक्षागृहासमोर तो उभा राहिला, आपण इथे काय करतो आहोत असा प्रश्न त्याने माइकवरच स्वतःला शिवीसकट विचारला आणि तो मंचावरून चालता झाला. हा प्रसंग पुढे सांगून सांगून दंतकथेसारखा झाला, पण त्यानंतरचा प्रायर वेगळा होता, यात शंका नाही.

काही काळ तो कॅलिफोर्नियात बर्कली इथे राहिला. कादंबरीकार इश्मिएल रीड, ब्लॅक पँथर पक्षाचा ह्यूई न्यूटन अशांच्या संगतीत त्याची राजकीय जाण पक्की झाली. १९७१ च्या ‘क्रॅप्स’ या ध्वनिमुद्रिकेत पिओरियाची माणसे आपल्या भाषेत बोलू लागली. १९७४ आणि १९७६ च्या ध्वनिमुद्रिकांना ग्रॅमी मिळाले. दोन्हींच्या नावांत कृष्णवर्णीयांना हिणवणारी ती कुप्रसिद्ध शिवी होती. मिसिसिपीतून आलेला गप्पिष्ट म्हातारा ‘मडबोन’ हे त्याचे सर्वांत लाडके पात्र. प्रायर पात्राबद्दल सांगत नसे, पात्रच होऊन जाई: खांदे पडत, जबडा सैल होई, आवाज बदले. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही करामत समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की प्रायरच्या मंचावरचे सर्वांत दयनीय पात्र बहुधा प्रायर स्वतःच असे.

चित्रपटांत तो १९६७ पासूनच होता, पण ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ (१९७२) मधल्या पियानोवादकामुळे त्याच्याकडे अभिनेता म्हणून लक्ष गेले. मेल ब्रुक्सच्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) च्या पटकथालेखकांत तो होता. कृष्णवर्णीय शेरीफची मुख्य भूमिका त्यालाच द्यावी, असा ब्रुक्सचा आग्रह होता, पण वॉर्नर स्टुडिओला त्याची धास्ती वाटली आणि ती भूमिका क्लीव्हन लिटलकडे गेली. प्रायरचे लेखन हवे, प्रायर नको, हा हॉलिवूडचा खाक्या इथे उघडा पडतो.

‘सिल्व्हर स्ट्रीक’ (१९७६) पासून जीन वाइल्डरबरोबर त्याची जोडी जमली. त्यातला एक प्रसंग प्रायरची नजर किती तिखट होती ते दाखवतो. पोलिसांना चुकवण्यासाठी वाइल्डर रेल्वे स्थानकाच्या स्वच्छतागृहात तोंडाला बूटपॉलिश फासून कृष्णवर्णीय बनतो. संहितेनुसार एक गोरा माणूस आत येतो आणि फसतो. प्रायरने हे बदलायला लावले. चित्रपटात येतो तो कृष्णवर्णीय माणूस आणि तो क्षणभरही फसत नाही. सोंग घेणाऱ्याचेच हसे होते आणि प्रसंगातला ओशाळवाणेपणा निघून जातो. याच जोडीचा ‘स्टर क्रेझी’ (१९८०) सिडनी पॉइटिएने दिग्दर्शित केला आणि त्याने दहा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. ‘सी नो ईव्हल, हिअर नो ईव्हल’ (१९८९) मध्ये वाइल्डर बहिरा, तर प्रायर आंधळा. ही कल्पना पुढे हिंदीत ‘प्यारे मोहन’ (२००६) मध्ये आली. ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ (१९८५) वरून तर तीन वर्षांनी ‘मालामाल’ निघाला. तीस दिवसांत तीस कोटी उधळण्याची अट तिथे नसीरुद्दीन शाहच्या वाट्याला आली आणि पाहुणा म्हणून चक्क सुनील गावसकर पडद्यावर दिसले.

टीव्हीशी त्याचे जमणे अवघडच होते. १९७७ मध्ये एनबीसीने ‘द रिचर्ड प्रायर शो’ सुरू केला. चार भागांत तो आटोपला. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला वाहिनीची कात्री लागली. त्याच भागात मात्र अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाची पत्रकार परिषद आहे, ओबामांच्या निवडणुकीच्या एकतीस वर्षे आधी! नवख्या रॉबिन विल्यम्सलाही या कार्यक्रमात काम मिळाले होते.

अभिनयाचा खरा कस लागला तो पॉल श्रेडरच्या ‘ब्लू कॉलर’ (१९७८) मध्ये. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातला कर्जाने पिचलेला कामगार आपल्याच युनियनची तिजोरी फोडतो आणि शेवटी त्याच युनियनच्या पुढाऱ्यांना विकला जातो. हार्वे कायटल आणि याफेट कोटो यांच्या बरोबरीने प्रायर इथे उभा आहे. या भूमिकेतला संताप त्याच्या विनोदी चित्रपटांत पुन्हा दिसला नाही.

डिसेंबर १९७८ मध्ये लाँग बीच इथे झालेल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण ‘रिचर्ड प्रायर: लाइव्ह इन कॉन्सर्ट’ या नावाने पुढच्या वर्षी चित्रगृहांत आले. एक माणूस, एक माइक, घामाने भिजलेला लाल शर्ट. नववर्षाच्या रात्री रागाच्या भरात बायकोच्या गाडीवर झाडलेल्या गोळ्या, आजीने मारासाठी त्यालाच तोडून आणायला लावलेली छडी, जंगलात पाणी पिताना कान टवकारणारे हरीण हे सारे तो अंगाने बोलतो. हृदयविकाराच्या झटक्याचा प्रसंग तर अद्भुत आहे: हृदय दरडावते आणि प्रायर गुडघ्यांवर कोसळून गयावया करतो. प्रेक्षक हसतात आणि धास्तावतातही. एकट्या विनोदकाराचा पूर्ण लांबीचा चित्रपट तिकीटबारीवर चालतो, हे यामुळे सर्वांना पटले. एडी मर्फीपासून ख्रिस रॉकपर्यंतच्या विनोदकारांनी प्रायरचे ऋण मान्य केले आहे.

९ जून १९८० रोजी लॉस एंजेलिसमधल्या घरी कोकेनच्या नशेत त्याने स्वतःला पेटवून घेतले आणि जळत्या अंगाने तो रस्त्यावरून धावत सुटला. निम्म्याहून अधिक शरीर भाजले होते. आधी याला अपघात म्हटले गेले. तो आत्महत्येचा प्रयत्न होता, हे पुढे त्यानेच कबूल केले. ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ (१९८२) मध्ये त्याने हेच मंचावर मांडले आणि पेटती काडी हलवत, हा बघा धावणारा प्रायर, असा स्वतःवरच विनोद केला. केनियाच्या सफरीनंतर ती वर्णद्वेषी शिवी आपण कायमची का सोडली, तेही याच कार्यक्रमात त्याने सांगितले.

१९८३ मध्ये ‘सुपरमॅन ३’ साठी त्याला चाळीस लाख डॉलर मिळाले, कोलंबिया स्टुडिओशी पाच वर्षांचा चार कोटींचा करारही झाला. पैशांचा हा सुकाळ कलेच्या दृष्टीने दुष्काळच ठरला. ‘द टॉय’ (१९८२) मध्ये तर एक श्रीमंत गोरा आपल्या मुलासाठी त्याला खेळणे म्हणून विकत घेतो! अपवाद ‘जो जो डान्सर, युअर लाइफ इज कॉलिंग’ (१९८६) या त्यानेच दिग्दर्शित केलेल्या, आत्मचरित्राशी मिळत्याजुळत्या चित्रपटाचा. तो सर्वत्र सारखा पकड घेत नाही, पण पिओरियाचे प्रसंग खरे उतरले आहेत.

त्याच वर्षी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे निदान झाले. हळूहळू हालचाल आणि बोलणे मंदावले. १९९५ मध्ये ‘शिकागो होप’ या मालिकेत त्याने याच आजाराच्या रुग्णाची भूमिका केली. डेव्हिड लिंचचा ‘लॉस्ट हायवे’ (१९९७) हा अखेरचा चित्रपट. १९९८ मध्ये केनेडी सेंटरने विनोदासाठी मार्क ट्वेन पारितोषिक सुरू केले, त्याचा पहिला मानकरी प्रायर होता. हृदयविकाराने लॉस एंजेलिस इथे त्याचे निधन झाले.

प्रायरची भाषा शिवराळ आहे, घरात सर्वांसमवेत ऐकण्याजोगी नाही. तरीही ज्याला तो ओळखून घ्यायचा आहे त्याने आधी ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’, मग ‘ब्लू कॉलर’ पाहावा. ‘द टॉय’ न पाहिल्याने काही बिघडत नाही.