लॅपटॉप संगणक : अंतर्गत भागांची उकल व बदल

मांडीवर ठेवून वापरता येण्याजोग्या, घडी होणाऱ्या व स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या संगणकास लॅपटॉप म्हणतात. त्याचे कवच उघडून आतील भाग सुटे करणे आणि निकामी झालेल्या किंवा अपुऱ्या पडणाऱ्या भागांच्या जागी दुसरे बसविणे हे काम वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. परंतु ते यंत्राच्या मालकाने करावे, बाजारातील कारागिराने करावे की फक्त उत्पादकाने, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांत अनेकदा बदलले. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या बदलाचा इतिहास दिला आहे. संगणकाच्या सर्वसाधारण रचनेची माहिती अन्यत्र दिली आहे [→ संगणक].

अंतर्रचना : मेजावरील संगणकाचे भाग प्रशस्त पेटीत मोकळेपणाने बसविलेले असतात, पेटीची एक बाजू काढली की जवळजवळ सर्व हाताशी येतात. लॅपटॉपमध्ये ते एकावर एक थरांनी रचलेले असतात. सामान्यतः वर कळफलक, त्याखाली मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची चपटी नळी व तिच्या टोकाशी पंखा, बाजूस रॅम व हार्ड डिस्क आणि पुढील कडेस बॅटरी अशी मांडणी आढळते. पडद्याकडे जाणाऱ्या तारा बिजागरीतून नेलेल्या असतात. खालचा भाग काढण्यासाठी वरचे भाग काढणे भाग असल्याने उकलीचा क्रम ठरलेला असतो. तो न पाळता कवच ओढल्यास कळफलकाची कागदासारखी पातळ फीत-तार तुटते. यंत्र बंद असतानाही मदरबोर्डचा काही भाग विद्युत् प्रवाहाला जोडलेला राहत असल्याने प्रथम बॅटरी अलग करतात. शरीरावर साठलेली स्थिर विद्युत् स्पर्शाला जाणवलीही नाही, तरी सूक्ष्म मंडले बिघडविण्यास ती पुरेशी असते. म्हणून कुशल कारागीर मनगटास भूसंपर्कित पट्टा बांधतो किंवा निदान भूसंपर्कित धातूस आधी हात लावतो.

प्रारंभीची यंत्रे : लहान मुलालाही जवळ बाळगता येईल अशा व्यक्तिगत संगणकाची कल्पना ॲलन के यांनी १९७२ मध्ये मांडली. प्रत्यक्षात १९८१ मध्ये आलेला ‘ऑस्बॉर्न १’ हा सुमारे ११ किग्रॅ. वजनाचा होता व त्यात बॅटरी नव्हती. त्याला लॅपटॉप म्हणण्यापेक्षा मूठ असलेली पेटी म्हणणे अधिक योग्य. (त्याचे प्रवर्तक ॲडम ऑस्बॉर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलई येथे गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधन कोडईकनाल येथे झाले.) बिजागरीवर मिटणाऱ्या पडद्याची, पुढे सर्वमान्य झालेली रचना बिल मॉग्रिज यांनी ‘ग्रिड कंपास’ या १९८२ च्या संगणकासाठी केली. हे यंत्र अमेरिकेच्या अवकाशयानातही वापरले गेले.

ही यंत्रे उघडता येत असत. तथापि प्रत्येक उत्पादकाच्या भागांचे आकार, जोडण्या व विद्युत् दाब वेगळे होते. एकाचा भाग दुसऱ्यास बसत नसे आणि उत्पादक व्यवसायातून बाहेर पडला की एका लहानशा भागापायी संपूर्ण यंत्र अडगळीत जाई. यंत्र उघडता येणे व त्याचा भाग मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही बाब पुढील इतिहासातही वारंवार प्रत्ययास येते.

भागांचे प्रमाणीकरण : १९८८ मध्ये प्रेअरीटेक या कंपनीने २० मेगाबाइट क्षमतेची अडीच इंची हार्ड डिस्क बाजारात आणली. हा आकार लवकरच सर्व उत्पादकांनी स्वीकारला. पुढे चकतीऐवजी अर्धसंवाहक स्मृती असलेले एसएसडी आले, तेही याच आकारात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपमधील चार स्क्रू काढून संथ हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविता आली व यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढले. मालकाने स्वतः करावयाच्या भागबदलांत याइतका लाभदायक बदल दुसरा क्वचितच असेल. रॅमसाठी ६७·६ मिमी. लांबीची एसओ-डीआयएमएम ही पट्टी रूढ झाली. ती खोबणीत तिरपी घालून खाली दाबली की दोन बाजूंचे चिमटे तिला पकडतात. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही.

देखभाल पुस्तिका : आयबीएम कंपनीचा ‘थिंकपॅड ७००सी’ १९९२ मध्ये आला. त्याची हार्ड डिस्क काढता येत असे. पुढील वर्षीच्या ७५० मालिकेत कळफलकच मोटारीच्या बॉनेटप्रमाणे वर उचलला जाई व त्याखाली बॅटरी व हार्ड डिस्क मोकळ्या दिसत. याहून महत्त्वाची होती ती या यंत्रांची देखभाल पुस्तिका. कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी तयार केलेली ही पुस्तिका कोणासही मिळू शकत असे. तीत प्रत्येक भागाचा क्रमांक, तो काढण्यापूर्वी कोणते भाग काढावयाचे त्यांचा क्रम आणि प्रत्येक स्क्रूची लांबी व जाडी दिलेली असे. कोणते भाग ग्राहकाने स्वतः बदलावेत व कोणते तंत्रज्ञाने, याचीही विभागणी असे. स्क्रूंवर नायलॉनचा लेप असल्याने ते धक्क्याने सैल होत नाहीत, परंतु एकदा काढलेला स्क्रू पुन्हा न वापरता नवा घालावा, इतकी बारीक सूचनाही तीत आढळते. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोव्हो कंपनीकडे गेल्यावरही ही प्रथा चालू राहिली.

सर्व उत्पादकांचे धोरण असे नव्हते. अनेक कंपन्यांच्या देखभाल पुस्तिका एकत्र करून विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या ऑस्ट्रेलियातील एका व्यक्तीस २०१२ मध्ये तोशिबा कंपनीने स्वामित्वहक्काच्या आधारे आपल्या पुस्तिका काढून टाकण्यास लावले. थिंकपॅडही याला सर्वस्वी अपवाद नव्हता. त्याच्या अनेक नमुन्यांत मान्य यादीबाहेरचे बिनतारी जोडणीचे कार्ड बसविल्यास ‘१८०२’ हा दोषक्रमांक पडद्यावर येई व यंत्र सुरूच होत नसे. रेडिओ लहरींविषयीच्या नियमांचे कारण यासाठी दिले जाई. ते अगदीच निराधार नसले, तरी खोबणीत नेमका बसणारा भाग सॉफ्टवेअरने नाकारण्याची युक्ती येथे रूढ झाली, हे नमूद केले पाहिजे.

बॅटरी : लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन १९९१ मध्ये सोनी कंपनीने सुरू केले. ही बॅटरी वापरली नाही तरी कालांतराने क्षीण होते. म्हणून लॅपटॉपमधील बदलावाच लागणारा भाग कोणता, तर तो हाच होय. प्रारंभी ती यंत्राच्या तळाशी एका खिट्टीवर बसविलेली असे व स्क्रू न काढता निघत असे. या रचनेचे मोल २००६ मध्ये दिसून आले. सोनीने बनविलेल्या काही घटांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्याने त्या पेट घेण्याचा धोका निर्माण झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेल कंपनीने सुमारे ४१ लाख व ॲपल कंपनीने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. ग्राहकाने क्रमांक तपासावा, खिट्टी सरकवून बॅटरी काढावी, नवी येईपर्यंत यंत्र विजेच्या जोडणीवर चालवावे, इतकेच त्याला करावयाचे होते. यंत्र व त्यातील माहिती त्याच्याजवळच राहिली.

ॲपलने २००९ पासून आपल्या मॅकबुक प्रो यंत्रांत बॅटरी आत बंद केली. खिट्टी, बॅटरीचे स्वतंत्र कवच व त्यासाठीची पोकळी वाचल्याने त्याच जागेत मोठी बॅटरी मावली व ती अधिक तास चालू लागली. हा लाभ खरा होता. तथापि त्याच सुमारास पाच पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रूही आले. त्यांना लागणारा पेचकस त्या वेळी बाजारात मिळत नसे. जून २०१२ मधील रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी कवचास डिंकाने चिकटविली होती व रॅम मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केली होती. दुरुस्तीसुलभतेचे गुणांकन करणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने तिला १० पैकी १ गुण दिला. पुढील महिन्यात ॲपलने पर्यावरणीय निकषांच्या ‘ईपीट’ या नोंदणीतून आपली उत्पादने काढून घेतली. सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या प्रशासनाने ॲपलची खरेदी थांबविण्याचे जाहीर केल्यावर काही दिवसांतच ती पुन्हा नोंदविण्यात आली.

चिकटविलेल्या बॅटरीचा परिणाम २०१९ मध्ये स्पष्ट झाला. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या अतितप्त होण्याचा धोका आढळला. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे ४,३२,००० यंत्रे होती. या वेळी ग्राहकास बॅटरी काढता येत नव्हती. यंत्राचा वापर बंद करून ते संपूर्णच दुरुस्ती केंद्रात द्यावे लागले. भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अशी यंत्रे विमानातून न नेण्याची सूचना प्रवाशांना केली. दोष दोन्ही वेळी बॅटरीचाच. मात्र पहिल्या वेळी बॅटरी सदोष ठरली, दुसऱ्या वेळी मालकाचे सगळे यंत्रच निरुपयोगी झाले.

डाखकाम : भाग खोबणीत न बसविता मदरबोर्डवर डाखून टाकण्याची प्रथा २००८ च्या मॅकबुक एअरपासून ठळक झाली व नंतर बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली. इंटेल कंपनीचे खोबणीत बसणारे लॅपटॉप प्रोसेसर २०१३ च्या पिढीनंतर बंद झाले. मॅकबुक प्रोमध्ये २०१६ पासून एसएसडीही डाखलेली येऊ लागली. परिणामी मदरबोर्ड बिघडल्यास त्यातील छायाचित्रे, हिशेब, हस्तलिखिते इ. माहिती दुसऱ्या यंत्रात काढून लावण्याचा मार्ग खुंटला. पूर्वी यासाठी हार्ड डिस्क काढून घेतली की भागत असे.

डाखलेल्या चिपच्या पोटाशी शेकडो सूक्ष्म गोळ्या असतात. चिप बदलण्यासाठी तप्त हवेने त्या सर्व एकाच वेळी वितळवाव्या लागतात. कथिल-शिशाचा पारंपरिक डाख १८३° से. ला वितळतो, यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर बंधने घातल्यानंतर आलेले कथिल, चांदी व तांबे यांचे डाख सुमारे २१७° से. ला वितळतात. त्यामुळे हे काम अधिक नाजूक झाले. एन्व्हिडिया कंपनीच्या काही चित्र-प्रक्रिया चिपांतील दोषापोटी तिने जुलै २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. अशा चिपा तापवून किंवा त्यांच्या गोळ्या नव्याने बसवून लॅपटॉप पुन्हा चालू करण्याचा उद्योग जगभर फोफावला. मूळ दोष चिपच्या आतील जोडण्यांत असल्याने हा उपाय बहुधा अल्पकाळच टिके.

भारतातील कारागिरी : मुंबईचा लॅमिंग्टन रोड (दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस इ. बाजारांत सुट्या भागांचा व्यापार व दुरुस्ती यांची सांगड दीर्घकाळ राहिली आहे. कंपनीच्या केंद्रात संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो, तेथे या बाजारातील कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावरील एखादाच निकामी घटक शोधून बदलतो. या कामास ‘चिप-लेव्हल’ दुरुस्ती हे नाव रूढ आहे. यासाठी लागणारे मंडलांचे आराखडे उत्पादक सहसा देत नाहीत. ते कारागिरांत हस्ते-परहस्ते फिरतात. जुन्या यंत्रांतून काढलेले भाग हा या व्यवसायाचा मोठा आधार आहे. मात्र बनावट व अप्रमाणित बॅटऱ्याही याच वाटेने येतात व त्यांचा धोका दुर्लक्षणीय नाही.

दुरुस्ती हाच रचनेचा हेतू ठेवलेला लॅपटॉपही महाराष्ट्रात आला होता. निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा ‘एक्सओ-१’ हा संगणक २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील शाळेत देण्यात आला. तो साध्या पेचकसाने उघडत असे व हरवलेल्या स्क्रूंची सोय म्हणून जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत.

कायदे व अलीकडील रचना : सील तोडल्यास हमी रद्द होते, ही अट अमेरिकेच्या १९७५ च्या हमीविषयक कायद्याशी विसंगत असल्याची समज तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना दिली. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे आवश्यक झाले. कॅलिफोर्नियाचा कायदा जुलै २०२४ पासून अंमलात आला. ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरने भाग नाकारण्याच्या प्रथेलाच बंदी घातली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमात, उपकरणातील बॅटरी ग्राहकास सामान्य हत्यारांनी काढता आली पाहिजे अशी तरतूद असून तिच्या अंमलासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली.

निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या लॅपटॉपसोबत पेचकसही दिला जातो. २०२२ मध्ये तिने काढलेला नव्या पिढीचा मदरबोर्ड मागील वर्षीच्या कवचात बसला. लॅपटॉपच्या बाबतीत हे क्वचितच घडले होते. रॅम डाखण्यामागे मात्र केवळ जाडी वाचविण्याचा हेतू नसतो. अल्प विद्युत् दाबावर चालणाऱ्या स्मृतीस प्रोसेसरपर्यंतचे अंतर अत्यंत कमी लागते व खोबणीमुळे ते वाढते. या अडचणीवर उपाय म्हणून बोर्डावर सपाट दाबून स्क्रूंनी पक्क्या करावयाच्या स्मृतिफलकाचे प्रमाण डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. या पद्धतीची रॅम २०२४ च्या एका थिंकपॅडमध्ये वापरण्यात आली. ती काढण्यासाठी तळाचे झाकण उघडून साधा पेचकस पुरतो.